समुद्राची गोगलगाय सह्याद्रीच्या कड्यावर कशी? कोळसा शोधायला आलेल्या ब्लॅनफर्डची गोष्ट

जुलै-ऑगस्टमध्ये जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला गेलात, तर एकच चित्र दिसतं. नाणेघाट असो, आहुपे असो की भीमाशंकर, काळ्या कड्यांवरून पाण्याच्या शेकडो धारा कोकणात कोसळत असतात आणि सगळ्यांचे मोबाइल धबधब्याकडे वळलेले असतात. त्या धारांमागच्या ओल्या कातळाकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष जात नाही.

याच सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर एक गोगलगाय राहते. आकाराने अर्ध्या इंचापेक्षाही लहान, रंगाने दगडासारखीच मळकट. दिसायला काही खास नाही. पण तिचं सगळं गोत समुद्रात आहे. कोकणच्या किनाऱ्यावर खडकांना चिकटून बसणाऱ्या बारीक गोगलगायींची ती सख्खी नातेवाईक. त्या खारं पाणी अंगावर घेत जगतात आणि ही शेकडो मीटर उंचीवर, पावसाच्या गोड्या पाण्यात.

या गोगलगायीच्या शास्त्रीय नावात सह्याद्री आहे. ते नाव ठेवणारा माणूस इंग्रज होता आणि तो भारतात आला होता कोळसा शोधायला. त्याचं नाव विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड.

धंद्यात जाणारा मुलगा दगडांकडे कसा वळला?

ब्लॅनफर्ड यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८३२ चा, लंडनमधला. वडिलांचा कोरीवकाम आणि मुलामा देण्याचा कारखाना होता. शिक्षण ब्रायटन आणि पॅरिसमध्ये झालं. मुलाने धंद्यात यावं हाच घरचा विचार होता, म्हणून इटलीतल्या चिव्हिटावेक्किया बंदरातल्या एका व्यापारी पेढीत त्यांनी दोन वर्षं काढली.

१८५१ मध्ये ते लंडनला परतले. तेव्हा तिथे खाणकाम आणि भूशास्त्र शिकवणारी रॉयल स्कूल ऑफ माइन्स नुकतीच सुरू झाली होती. धाकटा भाऊ हेन्री आधीच तिथे दाखल झाला होता. त्याच्या पाठोपाठ विल्यमही गेले आणि कारखाना मागे पडला. पुढे जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या प्रसिद्ध खाण विद्यालयात त्यांनी वर्षभर अभ्यास केला.

इकडे भारतात ईस्ट इंडिया कंपनीला भूशास्त्रज्ञ हवे होते. रेल्वे येऊ घातली होती, आगबोटी चालत होत्या आणि दोन्हींना कोळसा लागत होता. त्यासाठीच १८५१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, म्हणजे आजचं जीएसआय, सुरू झालं होतं. दोघा भावांना तिथे नोकरी मिळाली आणि १८५५ मध्ये ते कलकत्त्यात उतरले.

हेन्री यांचं नाव आपण एका वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवायला हवं. १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं सुरू झालं, त्याचे पहिले प्रमुख हेच हेन्री ब्लॅनफर्ड. हिमालयात बर्फ किती पडलं यावरून पुढच्या मान्सूनचा अंदाज बांधायची सुरुवात त्यांनी केली. म्हणजे एका भावाने पाऊस कधी येणार याचा शोध घेतला आणि दुसऱ्याने त्या पावसावर जगणारी गोगलगाय जगाला दाखवली.

पहिल्याच कामात बर्फाचा पुरावा

विल्यम यांचं पहिलं मोठं काम आजच्या ओडिशात, तालचेरच्या कोळसा क्षेत्रात झालं. तिथे कोळशाच्या थरांखाली एक विचित्र थर होता. अगदी बारीक गाळ आणि त्यातच अधूनमधून रुतलेले मोठमोठे धोंडे.

आता नदीचं साधं गणित असं, की पाणी जोरात वाहत असेल तर ते धोंडे वाहून नेतं आणि संथ असेल तर गाळ साचवतं. दोन्ही कामं एकाच वेळी कशी होणार? दोघा भावांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं, की हे काम बर्फाचं असावं. बर्फात अडकलेले धोंडे वाहत आले, बर्फ वितळलं आणि धोंडे खालच्या गाळात पडले.

ओडिशाच्या उकाड्यात बर्फ? ऐकायला हे पटण्यासारखं नव्हतं. पण पुढे असेच थर दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियातही ओळखले गेले. हे सगळे भूभाग एकेकाळी जोडलेले होते आणि सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी तिथे बर्फाचं राज्य होतं, हे आता सर्वमान्य आहे.

या प्रकरणातून ब्लॅनफर्ड यांची पद्धत कळते. समोरची गोष्ट कशी दिसते एवढ्यावर थांबायचं नाही, ती तिथे आली कशी हे विचारायचं. सह्याद्रीत त्यांनी शंखांच्या बाबतीत हेच केलं.

गोगलगाय आणि पोटात पाय

ब्लॅनफर्ड यांची सरकारी नोकरी दगडांची होती, पण सर्वेक्षणाच्या भटकंतीत ते पक्षी, प्राणी आणि गोगलगायीही गोळा करायचे. १८६० पासून त्यांनी भारतीय गोगलगायींवर एक लेखमाला सुरू केली. पहिला लेख दोघा भावांनी मिळून लिहिला होता. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात ही लेखमाला पुढे अनेक वर्षं चालली.

गोगलगाय म्हटलं की आपल्याला पावसाळ्यात परसात फिरणारी एकच गोगलगाय आठवते. प्रत्यक्षात हा पसारा प्रचंड आहे. ताटातल्या तिसऱ्या, कालवं आणि माकुल, घोड-कुकडीच्या पात्रात सापडणारे शिंपले, देवघरातला शंख, सारीपाटाच्या कवड्या आणि शेतातली गोगलगाय हे सगळे एकाच मोठ्या गटातले प्राणी आहेत. त्यांना मृदुकाय म्हणतात, म्हणजे मऊ अंगाचे. अंग मऊ असल्यामुळे बहुतेकांना घर लागतं आणि ते घर प्राणी स्वतःच्या अंगातून पाझरणाऱ्या चुन्यापासून बांधतो.

यातल्या गोगलगायी आणि शंखांच्या गटाचं शास्त्रीय नाव गॅस्ट्रोपोडा. या ग्रीक शब्दाचा अर्थ काय? पोट आणि पाय. म्हणजे आपल्या म्हणीत जे आहे तेच. फरक इतकाच, की म्हणीतली गोगलगाय आतल्या गाठीची असते आणि शास्त्रातली खरोखरच पोटाखालच्या एका पसरट पायावर सरकते.

घराचा आकार मात्र राहणीप्रमाणे बदलतो. पालापाचोळ्याच्या फटींत शिरणाऱ्या काही गोगलगायींचं कवच मनोऱ्यासारखं लांबट असतं. पाण्याच्या धारेतही खडकाला चिकटून राहणाऱ्या काहींचं कवच टोपीसारखं पसरट असतं. काहींना कवचाच्या तोंडाला झाकण असतं आणि काहींना नसतं. हे झाकण लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

शंख उजवा की डावा?

आकाराचा आणखी एक प्रकार आपल्या ओळखीचा आहे. दक्षिणावर्ती शंख दुर्मीळ असतो आणि महाग विकला जातो, हे आपण ऐकलेलं असतं. शास्त्रज्ञ उजवा-डावा कसा ठरवतात? शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरायचं. तोंड उजव्या हाताला आलं तर शंख उजवा, डाव्या हाताला आलं तर डावा. जगातले बहुतेक शंख उजवे असतात.

गंमत अशी, की पूजेत ज्याला दक्षिणावर्ती म्हणतात तो शास्त्रज्ञांच्या भाषेत डावा ठरतो. पूजेतला शंख उलटा, म्हणजे टोक खाली करून पाहिला जातो, म्हणून हा फरक पडतो. शंख तोच, पाहण्याची रीत वेगळी.

पण काही जातींमध्ये डावं असणं हीच रीत असते. मुंबई परिसरात आणि सह्याद्रीत दिसणारी आरिओफँटा लेव्हिपेस नावाची गोगलगाय डावीच असते. फायसा नावाच्या तळ्यातल्या गोगलगायीही डाव्याच. याच फायसाच्या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या नातलगांनी सह्याद्रीचा दगड समजून घ्यायला मोठी मदत केली.

लाव्ह्याच्या थरांत अडकलेलं तळं

काही काळ ब्रह्मदेशात काम केल्यावर १८६२ मध्ये ब्लॅनफर्ड मुंबई प्रांतात आले आणि १८६६ पर्यंत त्यांचं काम पश्चिम भारतात चाललं. इथला दगड म्हणजे आपला काळा पाषाण, बेसॉल्ट. शिवनेरीचा कातळ, लेण्याद्रीच्या लेणी, जीवधनशेजारचा वानरलिंगीचा सुळका, नाणेघाटातली नागनिकेच्या शिलालेखाची गुहा, सगळं याच दगडातलं.

जुन्नरच्या कोणत्याही डोंगराकडे लांबून पाहिलं, तर तो पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचे थर. इंग्रजीत या दगडाला ट्रॅप म्हणतात, तोही मूळ पायरी या अर्थाचा स्कँडिनेव्हियन शब्द आहे.

प्रश्न असा होता, की हा लाव्हा ओतला गेला तेव्हा इथे समुद्र होता की जमीन? आणि हे घडलं कधी? लाव्हा समुद्राच्या तळाशी पसरला असावा, असं मानणारे अभ्यासक तेव्हा होते.

उत्तर दगडात नव्हतं, दोन दगडांच्या मधे होतं. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये काही ठिकाणी गाळाचा पातळ थर सापडतो. नागपूरजवळ टाकळीला स्टीफन हिस्लॉप यांनी अशा थरांतून फायसासारखे गोड्या पाण्यातले शंख गोळा केले होते. हे तेच हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे. मुंबईत वरळीच्या टेकडीजवळच्या अशाच थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले होते.

तळ्यातल्या गोगलगायी आणि बेडूक समुद्राच्या तळाशी राहत नाहीत. म्हणजे लाव्हा जमिनीवर पसरला, मग थांबला. मधल्या शांत काळात पावसाचं पाणी साठून तळी झाली, त्यात जीव आले, आणि मग पुन्हा लाव्हा आला. १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात ब्लॅनफर्ड यांनी दख्खनचा लाव्हा उघड्या जमिनीवर पसरल्याची मांडणी केली.

काळाचा हिशोबही त्यांनी थरांवरूनच लावला. नर्मदेच्या खोऱ्यात बाघ इथे लाव्ह्याच्या खाली समुद्री जीवाश्मांचे थर आहेत आणि ते क्रिटेशस, म्हणजे डायनासोरांच्या काळाच्या उत्तरार्धातले आहेत. सुरतच्या बाजूला लाव्ह्याच्या वर त्यानंतरच्या काळातले समुद्री थर आहेत. म्हणजे लाव्हा या दोहोंच्या मधला. आज दगडातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून वय मोजता येतं आणि दख्खनचे मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे निघतात. ब्लॅनफर्ड यांच्याकडे असं कोणतंही यंत्र नव्हतं. त्यांच्याकडे थर होते आणि थरांतले जीव होते.

कड्यावरची ती गोगलगाय

आता मूळ गोष्टीकडे येऊ. साल १८६३. याच वर्षी बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई-पुणे प्रवासातला सह्याद्रीचा मोठा अडसर दूर झाला. त्याच वर्षी लंडनच्या एका नियतकालिकात ब्लॅनफर्ड यांचा छोटा लेख छापून आला. विषय होता, पश्चिम घाटाच्या कड्यांवर राहणाऱ्या दोन नव्या प्रकारच्या गोगलगायी.

त्यातल्या एकीचं नाव त्यांनी ठेवलं लिथोटिस रुपिकोला. रुपिकोला म्हणजे खडकावर राहणारी. तिचं कवच नेहमीसारखं गुंडाळलेलं नसून पसरट आहे. दुसरीचं नाव ठेवलं क्रेम्नोबेटीस सह्याद्रेन्सिस, म्हणजे कड्यावर चालणारी, सह्याद्रीची.

पण नावाचा घोटाळा झाला. प्राण्यांच्या नावांचा नियम असा, की एक नाव एकाच गटाला. क्रेम्नोबेटीस हे नाव १८६१ मध्येच एका माशाच्या गटाला दिलेलं होतं. मग १८६९ मध्ये ब्लॅनफर्ड यांनी नाव बदलून क्रेम्नोकॉन्कस केलं, म्हणजे कड्यावरचा शंख. आजही हेच नाव चालतं.

मुद्दा फक्त बारशाचा नव्हता. या गटातली एक गोगलगाय सह्याद्रीतून आधीही नोंदली गेली होती. १८५० च्या दशकात एडगर लेयार्ड यांनी तिचं वर्णन केलं होतं आणि तिला अमेरिकेतल्या नद्यांमधल्या गोगलगायींच्या गटात टाकलं होतं. यात लेयार्ड यांची फार चूक नव्हती. कवच बरंचसं तसंच दिसायचं. गोड्या पाण्यातली लहान, जाडसर कवचाची गोगलगाय, मग गोड्या पाण्याच्या गटातच जाणार.

पण कवच हे घर आहे. दोन अनोळखी माणसांनी सारखी घरं बांधली म्हणून ती भावकी होत नाहीत. जोरदार पाण्यात खडकाला धरून राहायचं तर आटोपशीर, मजबूत कवच सोयीचं. मग ती अमेरिकेतली नदी असो की सह्याद्रीचा कडा, गरज सारखी तर आकारही सारखा होऊ शकतो.

नातं शोधायचं तर घरात राहणारा जीव पाहावा लागतो. ती कुठे राहते, कशी राहते, झाकण कसं आहे, अन्न खरवडून खाणारी किसणीसारखी जीभ कशी आहे, आतली इंद्रियं कशी आहेत. ब्लॅनफर्ड यांनी तिला कड्यावर प्रत्यक्ष जगताना पाहिलं होतं. १८७१ मध्ये त्यांचे सहकारी फर्डिनांड स्टोलिच्का यांनी तिच्या शरीररचनेवर टिपण लिहिलं. या अभ्यासातून नातं जुळलं ते थेट समुद्राशी. लिटोरिना नावाच्या, किनाऱ्याच्या खडकांवर राहणाऱ्या गोगलगायींच्या कुळाशी.

हे कूळ जगभरच्या किनाऱ्यांवर पसरलेलं आहे. खडकांवर, खारफुटीवर त्याच्या जाती सापडतात. गोड्या पाण्यात कायमचं बिऱ्हाड करणारा त्यातला एकच गट माहीत आहे, आणि तो म्हणजे पश्चिम घाटातला क्रेम्नोकॉन्कस.

लाटेच्या जागी धबधबा

समुद्राचा जीव डोंगरावर जगतो कसा? थोडा विचार केला तर हे वाटतं तितकं अजब नाही.

कोकणात ओहोटीच्या वेळी खडकांवर जाऊन बघा. अगदी वरच्या, जवळजवळ कोरड्या पट्ट्यात वाटाण्याएवढ्या गोगलगायी फटींमध्ये गोळा झालेल्या दिसतात. लाट कधीतरी तुषार उडवते, तेवढंच त्यांचं पाणी. बाकी वेळ ऊन आणि तापलेला खडक. अशा वेळी त्या आत जातात, झाकण लावून घेतात आणि पाण्याची वाट पाहत बसतात. म्हणजे समुद्राच्या कुळातल्या असूनही त्या अर्धं आयुष्य पाण्याबाहेर काढतात.

आता सह्याद्रीचा कडा डोळ्यांसमोर आणा. लाटेच्या जागी धबधब्याचे तुषार, भरतीच्या जागी मान्सून, ओहोटीच्या जागी उन्हाळा. कातळावर शेवाळाचा पातळ थर, तेच खाणं. पाणी आटलं की फटीत शिरायचं, झाकण लावायचं आणि पुढच्या पावसाची वाट पाहायची. किनाऱ्यावरची वाट काही तासांची किंवा दिवसांची, इथली कित्येक महिन्यांची. पण सवय तीच. समुद्रकाठी तयार झालेली हत्यारं डोंगरावरही कामाला आली.

यात एक अडचणही आहे. ही गोगलगाय फार लांब जाऊ शकत नाही. एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर जायचं तर मधे कोरडं पठार, जंगल, शेत, दरी. त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणच्या गोगलगायी हजारो-लाखो वर्षं एकमेकींपासून तुटलेल्या राहतात आणि हळूहळू वेगळ्या जाती होतात. महाराष्ट्रातल्या जातींच्या नावांतच आकार सांगितलेले आहेत. कॅरिनेटस म्हणजे कवचावर होडीच्या कण्यासारखी धार असलेली आणि कोनिकस म्हणजे शंकूसारखी. दुसरीचं नावही ब्लॅनफर्ड यांनीच दिलं, १८७० मध्ये.

त्यानंतर जवळपास दीडशे वर्षं या गटाच्या तीनच जाती धरल्या जात होत्या. २०१३ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या आणि भारतातल्या संशोधकांनी मिळून पश्चिम घाटातल्या ओढ्या-धबधब्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कर्नाटकातल्या सहा नव्या जाती निघाल्या आणि संख्या नऊवर गेली. एकीच्या नावात आगुंबे आहे, एकीच्या नावात हनुमान. हे सगळं सापडलं ते ब्लॅनफर्ड यांनी मांडलेल्या चौकटीतच, म्हणजे कड्यावरच्या ओल्या खडकावर.

उरलेलं आयुष्य

पश्चिम भारतातलं काम संपल्यावरही ब्लॅनफर्ड एका जागी बसले नाहीत. १८६७-६८ मध्ये इंग्रज फौज अबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, उतरली तेव्हा ते भूशास्त्रज्ञ म्हणून सोबत होते. परतल्यावर तिथल्या दगडांवर आणि प्राण्यांवर त्यांनी ग्रंथ लिहिला. १८७२ मध्ये इराणच्या सीमा आयोगासोबत त्यांनी तो प्रदेश पालथा घातला. १८७४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं.

१८७९ मध्ये हेन्री मेडलिकॉट यांच्यासोबत त्यांनी भारताच्या भूशास्त्राचा संपूर्ण आढावा घेणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढच्या पिढ्यांतले भूशास्त्रज्ञ त्यावरच शिकले. १८८२ मध्ये तब्येतीच्या कारणाने ते निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. पुढच्याच वर्षी, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी लग्न केलं.

निवृत्तीनंतर त्यांनी हाती घेतलेलं काम आजही वापरात आहे. फौना ऑफ ब्रिटिश इंडिया ही भारतीय उपखंडातल्या प्राण्यांची ग्रंथमाला. तिचे पहिले संपादक ब्लॅनफर्डच. सस्तन प्राण्यांचा भाग त्यांनी स्वतः लिहिला. पक्ष्यांचे पहिले दोन खंड युजीन ओट्स यांनी लिहिले आणि उरलेले दोन ब्लॅनफर्ड यांनी पूर्ण केले.

शेवटी ते पुन्हा आपल्या आवडत्या विषयाकडे, गोगलगायींकडे वळले. या ग्रंथमालेतला मृदुकाय प्राण्यांचा खंड त्यांनी लिहायला घेतला, पण तो पूर्ण व्हायच्या आत २३ जून १९०५ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. उरलेलं काम हेन्री गॉडविन-ऑस्टिन यांनी तडीला नेलं. हे तेच गॉडविन-ऑस्टिन, ज्यांच्या नावाने के-टू शिखर एकेकाळी ओळखलं जायचं. काराकोरमची मोजणी करणारा हा माणूसही गोगलगायींच्या नादी लागलेला होता. १९०८ मध्ये तो खंड दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाला.

ब्लॅनफर्ड यांना पाठवलं होतं साम्राज्याच्या कामासाठी. त्यांच्या नकाशांचा उपयोग खाणींना आणि रेल्वेला झाला, हे विसरून चालणार नाही. पण कोणीही न मागितलेलं जे काम त्यांनी केलं, त्यातून आपल्याच डोंगराची एक गोष्ट आपल्याला कळली.

मग आज याचं काय?

भीमाशंकरचं जंगल १९८५ मध्ये अभयारण्य झालं. शेकरू हे त्याचं ओळखचिन्ह. आंबेगाव आणि खेडच्या घाटमाथ्यापासून ते कोकणच्या बाजूपर्यंत ते पसरलेलं आहे. शेकरूसाठी झाडं जपायची हे आता लोकांना पटलेलं आहे. पण कड्याचं काय? कातळाकडे आपण निर्जीव वस्तू म्हणूनच पाहतो. रस्ता रुंद करायचा तर कडा तासतो, धबधब्याजवळ पायऱ्या आणि रेलिंग हवं तर सिमेंट ओततो. पावसाळी सहलीत त्याच धारेखाली साबण-शाम्पूने अंघोळी होतात आणि प्लॅस्टिक कातळाच्या फटीत अडकून राहतं.

झाड तोडलं तर दुसरं लावता येतं. ओला कडा पुन्हा लावता येत नाही. आणि ज्या जिवाला शेजारच्या कड्यावरही जाता येत नाही, त्याचं त्या कड्यासोबतच संपतं. वरचा झरा वळवला, तुषार थांबले, तरी पुरेसं आहे. झाकण लावून ती वाट पाहील, पण पाणी आलंच नाही तर किती दिवस?

ढाकोबा, दुर्ग, जीवधन, आहुपे हे जुन्नर-आंबेगावचे कडे याच सह्याद्रीचे आहेत. तोच दगड, तोच पाऊस. इथूनच कुकडी, मीना, घोड आणि भीमा पूर्वेकडे वाहत जातात आणि निम्म्या जिल्ह्याची तहान भागवतात. या कातळावर पाणी किती काळ झिरपत राहतं हा प्रश्न फक्त गोगलगायीपुरता नाही.

यंदाच्या पावसाळ्यात घाटमाथ्यावर गेलात, तर धबधब्याचा व्हिडिओ जरूर काढा. पण सुरक्षित जागी उभं राहून एकदा ओल्या कातळाकडेही बघा. एखादी बारीक गोगलगाय दिसली तर फोटो काढा आणि तिला आहे तिथेच राहू द्या. खिशात घालून घरी आणलेला शंख म्हणजे नुसतं घर, आणि ते फसवू शकतं हे लेयार्ड यांच्या उदाहरणावरून आपण पाहिलंच. तिची खरी ओळख पटते ती तिच्या कड्यावरच.